एकेचाळीस

बुधवार, रात्रीचे साडेअकरा. पाषाण.
उद्या सकाळी नऊला लाइट जाणार,
तसा मेसेज आलाच आहे.
हीलियमच्या कॅनवर सय्यदभाईंचा खडू:
‘आठ बोटं उरलंय. जपून.’

नायोबियमच्या दोन थरांमध्ये ऑक्साइडची साय,
दुधावरच्या सायीहून लाखपट पातळ.
उणे दोनशे एकोणसत्तरला
जोडीजोडीने निघालेले इलेक्ट्रॉन
तिच्यातून सरळ पलीकडे जातात.
दार नाही, उंबरा नाही.
व्होल्टेज शून्य.
करंट वाढवते. शून्य.
आणखी वाढवते. शून्य.
मग एकदम.

आईला फोनवर सांगितलं होतं:
पन्हाळी पत्रा घे. एका पन्हळीत गोटी ठेव.
पन्हळींना आडवा उतार देत जा.
गोटी बसून राहते, बसून राहते,
आणि सुटली की सुटली, खडखड खडखड खाली.
आता उतार कमी कर.
जिथं सुटली तिथं ती थांबत नाही,
पत्रा जवळजवळ सपाट करावा लागतो.
आई म्हणाली, हे तर तुझ्या बाबांच्या रागाचं झालं.

फक्त, माझी गोटी एकटी नाही.
चिप ठेवलीय पितळेच्या डबीत,
आणि डबीच्या पोकळीला स्वतःचा एक ठेका आहे.
खडखड त्या ठेक्याला जुळली
की गोटी वेग सोडत नाही.
वाढवा करंट, व्होल्टेज जागचं हलत नाही.
आलेखावर उभी पायरी.

ती यायला हवी त्रेचाळीस मायक्रोव्होल्टला.
वहीत तीनदा गणित केलंय.
येते एकेचाळीसला.

तीन आठवडे.
किणीकर मॅडम म्हणाल्या, अर्थिंग बघ.
अर्थिंग बघितलं. केबल बदलल्या.
बाणेर रस्त्यावरच्या टॉवरला शिव्या दिल्या.
एकदा पहाटे तीनला असंही वाटून गेलं
की निसर्गाचा एखादा स्थिरांकच चुकीचा असेल,
आणि तो सापडला आहे मला.
(सकाळी पोहे खाताना ते आठवून लाज वाटली.)

काल भोसरीला गेले होते, स्क्रू आणायला.
निवृत्ती काळभोर लेथ बंद न करताच म्हणाले,
‘मॅडम, डबी बसली ना?
तुमची ती काच आत घासत होती,
म्हणून अर्धा मिलिमीटर जादा मारला.
कळवायचं राहिलं.’

दहा पूर्णांक दोनचे दहा पूर्णांक सात.
रिक्षात, नाशिक फाट्याच्या सिग्नलला,
मोबाइलवर भागाकार केला.
एकेचाळीस. दशांशापर्यंत.
रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं,
मी का हसतेय म्हणून.

आज रात्री मी काहीच दुरुस्त करत नाही.
डबी तीच. आज फक्त उतरायचं.
चढताना पायरी जिथं भेटली
उतरताना तिथं सुटत नाही,
खाली, बरीच खाली चिकटून राहते.
मधल्या पट्ट्यात एकाच करंटला दोन उत्तरं,
आणि दोन्ही बरोबर.
गोटी कुठून आली, त्यावर ठरतं.
सदाशिव पेठेत खोली बघायला गेले होते तेव्हा
मालकांनी भाडं सांगायच्या आधी विचारलं होतं,
‘मूळचे कुठले?’
मूळची संगमनेरची, काका.
भाडं जरा वाढलं असावं.

सव्वाचार. साडेपाच.
वेताळ टेकडीवर मोर ओरडतो.
हीलियम चार बोटं.
एकशे बारा वेळा चढले, एकशे बारा वेळा उतरले,
आणि सुटण्याची जागा दर वेळी थोडी सरकते.
ते का, ते अजून कळलेलं नाही.
आता डबीवर ढकलता येणार नाही.

आठ बावन्न. शेवटचा उतार.
गोटी अजून धावतेय, करंट इतका कमी असून.
सय्यदभाई दारात, दोन कप घेऊन:
‘पाच मिनिटं राहिली, बंद करा आता.’
थांबा हो भाई, थांबा,
आता सुटेल.

लाइट सात मिनिटं आधीच गेली.
पंप गप्प. स्क्रीन काळा.
अंधारात हीलियम उकळून
छतालगतच्या रबरी फुग्यात जाऊ लागला,
फुगा हळूहळू कोपऱ्याला टेकला.
गोटी थांबली कुठं, ते कुणीच पाहिलं नाही.

चहात आलं फार झालं होतं.